टोबा टेक सिंग आणि एक जून

दिवाळी अंकात कुणी वेड्यांच्या इस्पितळाची गोष्ट काढून बसावे, हे घरच्या वडीलधाऱ्यांना रुचण्यासारखे नाही. पण वाचकहो, हे लिखाण फराळाचे ताट बाजूला सारून वाचावे अशातले नव्हे. मंटोंनी आपली गोष्ट जवळजवळ हसत हसतच सांगितली आहे, तेव्हा तिच्यावर लिहिताना मी तरी तोंड वाकडे कशाला करू? शिवाय मी काही समीक्षक नव्हे. दहावीच्या, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिकच्या, पुढे माझी मजल गेली नाही. एका लहानशा गावातल्या शाळेत मी खालच्या वर्गांना शिकवते, आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिते. कथा वाचताना माझे लक्ष रसापेक्षा हजेरीपटाकडे जाते, हा माझ्या धंद्याचा दोष समजा.

सआदत हसन मंटो १८ जानेवारी १९५५ रोजी लाहोरात वारले. ‘टोबा टेक सिंग’ ही त्यांची अखेरच्या वर्षांतली कथा. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही सरकारांना वाटते की, कैद्यांप्रमाणे वेड्यांचीही अदलाबदल व्हावी. बैठका होतात. ज्या मुसलमान वेड्यांचे नातलग अजून हिंदुस्थानातच आहेत त्यांना तिथेच राहू द्यायचे, बाकीच्यांना सरहद्दीवर न्यायचे, असे ठरते. पाकिस्तानातल्या हिंदू-शीख वेड्यांचा प्रश्नच नसतो. त्यांचे घरचे सगळे निघून गेलेले. लाहोरच्या इस्पितळात पंधरा वर्षे असलेला बिशन सिंग हा एक शीख जमीनदार. तो झोपत नाही, बसत नाही. उभे राहून राहून त्याचे पाय सुजले आहेत. त्याला एवढेच हवे आहे की, आपले गाव टोबा टेक सिंग कुठे आहे ते कुणीतरी सांगावे. कुणी सांगत नाही. वाघ्याला त्याची पाळी येते, तेव्हा तो पलीकडे जायचे नाकारतो. आणि पहाटे दोन देशांच्या मधल्या, कुणाचेही नाव नसलेल्या जमिनीवर पालथा पडतो.

या कथेवर टीकाकारांनी जे लिहिले त्यातले बरेचसे एकाच वाटेने गेलेले माझ्या वाचनात आले. वेडे तेच शहाणे आणि शहाणे तेच वेडे, हा त्यातला उपरोध, फाळणीचा आक्रोश. हे खरेच आहे. पण एवढ्यावर थांबले की कथा १९४७ सालच्या पेटीत बंद होते, आणि आपण सुस्कारा टाकून चकलीकडे वळायला मोकळे होतो. मला स्वतःला कथेचे मर्म वाघ्याच्या एका लहानशा जागी दिसते. तिथला अंमलदार रजिस्टरात बिशन सिंगचे नाव चढवू लागतो, तेव्हा बिशन सिंग त्याला आपला नेहमीचा प्रश्न विचारतो. अंमलदार हसतो, आणि पाकिस्तानात, असे सांगून टाकतो. त्या हसण्यात दुष्टपणा नाही. साऱ्या कथेत दुष्ट माणूसच नाही! सगळे आपापले काम करीत आहेत. फक्त त्या रजिस्टरात प्रश्नाला रकाना नाही. नाव, धर्म, कुठून आला, कुठे चालला, एवढेच रकाने. मंटोंचा राग दंगलखोरांवर इतरत्र पुष्कळ आहे. इथे तो रकान्यांवर आहे, आणि म्हणून तो आवाज चढवीत नाही.

ही कथा मी पुन्हा काढली ती आसामच्या बातम्यांमुळे.

आसामी माणसाची बाजू आधी सांगितली पाहिजे, आणि ती मराठी वाचकाला पटकन कळेल. आपली भाषा आपल्याच भूमीत अल्पसंख्य होईल या भयाने तिथे १९७९ ते १९८५ अशी सहा वर्षे चळवळ झाली. आठशेंहून अधिक माणसे मेली. ज्यांच्या घरात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची आठवण निघते त्यांनी या भयाला हसू नये. १५ ऑगस्ट १९८५ च्या करारात ठरले की, २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीनंतर आलेला तो परका. तो शोधायचा कसा, याचे उत्तर पुढे तीस वर्षे कुणी दिले नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली १९५१ सालची नागरिक नोंदवही नव्याने करायचे ठरले. ३ कोटी ३० लाख माणसांनी अर्ज केले. ३० जुलै २०१८ च्या मसुद्यातून ४० लाख नावे गळाली. ३१ ऑगस्ट २०१९ ला शेवटची यादी लागली, तिच्यातून १९,०६,६५७ माणसे बाहेर.

आणि मग जे झाले ते मंटोंनाही सुचले नसते. यादी कुणालाच नको झाली. जे बाहेर राहिले ते रडले हे उघडच आहे; पण ज्यांनी यादीसाठी आयुष्य वेचले ते विद्यार्थी नेते म्हणाले, आकडा फार लहान आहे; आणि राज्याचे सरकारही म्हणाले, ही यादी आम्हाला मान्य नाही, फेरतपासणी करा. यादीचे काम पाहणारा नवा अधिकारी जुन्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन उभा राहिला. महालेखापालांचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेपुढे आला. त्यात दिसले की, २८८ कोटींचे काम १,६०२ कोटींवर गेले, आणि मूळ संगणक-प्रणालीला २१५ ठिगळे वाटेल तशी जोडली गेली. यादीबाहेरच्या माणसाला आधी नकाराची चिठ्ठी मिळायची, मग १२० दिवसांत त्याने अपील करायचे, असा कायदा. पाच वर्षे उलटली तरी चिठ्ठ्या निघाल्या नाहीत. म्हणजे माणूस नागरिक नाही म्हणावे तर तसा कागद नाही, आणि आहे म्हणावे तर यादीत नाव नाही. बिशन सिंग निदान पहाटेपर्यंतच उभा होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये, यादी लागायला महिनाही उरला नसताना, खालच्या आसामातल्या हजारो माणसांना एक-दोन दिवसांच्या सूचनेवर शेकडो किलोमीटर दूर गोलाघाट, जोरहाट, शिवसागर अशा जिल्ह्यांत फेरसुनावणीला बोलावले. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया, भाड्याच्या गाड्या, आणि छातीशी धरलेली प्लॅस्टिकची पिशवी. त्या पिशवीवर कादंबरी लिहिली पाहिजे. कारगिलच्या लढाईत उतरलेला एक निवृत्त फौजी न्यायाधिकरणाने २०१९ च्या मे महिन्यात परका ठरवला. उच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत तो गोलपाड्याच्या बंदिवासात होता. भारताचे पाचवे राष्ट्रपती फक्रुद्दिन अली अहमद यांच्या भावाच्या घरातली माणसेही यादीबाहेर राहिली. या कायद्यात परका नसल्याचा पुरावा माणसानेच द्यायचा असतो, सरकारने नव्हे.

पण मला सर्वांत अस्वस्थ केले ते बायकांच्या कागदांनी. सासरी गेलेल्या बाईने आपला बाप कोण हे सिद्ध करायचे. लग्न अठराच्या आत झालेले, म्हणून मतदारयादीत माहेरी नाव नाही. शाळा नाही, म्हणून दाखला नाही. जन्म घरी झाला, म्हणून नोंद नाही. उरला तो ग्रामपंचायतीच्या सचिवाने दिलेला दाखला. तो सुमारे ४८ लाख जणींनी जोडला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्दबातल केला, आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तपासणीच्या अटीवर पुन्हा चालू केला. मधल्या नऊ-दहा महिन्यांत त्या बायका कुणाच्या लेकी होत्या?

हे वाचले त्या रात्री मी आईची ट्रंक उघडली. आईचे माहेरचे नाव एक आणि सासरचे दुसरे. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने वडिलांनी तिचे नवे नाव लिहिले. आपल्याकडे ती मोठी कौतुकाची गोष्ट. जुन्या नावाचा एकही कागद ट्रंकेत नाही. नव्या नावाची तीन रूपे आहेत : रेशनकार्डावर एक, बँकेच्या पुस्तकात दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे. तांदूळ तर त्याच दिवशी शिजले असतील.

इथे मला मंटोंशी थोडे भांडायचे आहे. त्यांच्या कथेत बिशन सिंगची मुलगी रूपकौर हिला जागा फार थोडी. जुना मित्र फजलदीन भेटीला येतो, सगळे सुखरूप गेले म्हणतो, आणि तिच्या नावाशी अडखळतो. अडखळण्याची ती जागा कथेतली सर्वांत खोल आहे, मला मान्य आहे. कमी शब्दांत एवढे भय दुसऱ्या कुणी क्वचितच भरले असेल. पण लेखक तिथून लगेच बापाकडे परततो. मोकळ्या जमिनीवर पालथे पडण्याचे भव्य मरण पुरुषाला मिळते; लेक अडखळलेल्या वाक्यात राहते. आसामची कथा लिहायची तर ती रूपकौरच्या बाजूने लिहावी लागेल. ती वेडी नसेल; नवऱ्याचा डबा करून, पोरे शाळेत घालून ती तारखेला जाईल.

तसे लिहिण्याचा प्रयत्न तिथल्याच मंडळींनी केला आहे. २०१६ साली हाफीज अहमद यांनी ब्रह्मपुत्रेच्या चर भागातल्या मुसलमान शेतकऱ्याच्या मुखाने एक कविता लिहिली, आणि तिच्यामागून ‘मियाँ कविता’ म्हणून एक प्रवाहच सुरू झाला. ‘मियाँ’ ही तिथे शिवी. तीच त्यांनी नाव म्हणून घेतली. आपल्याकडच्या दलित कवितेच्या वाचकाला ही रीत अनोळखी नाही. जुलै २०१९ मध्ये दहा जणांवर पोलिसांत फिर्याद झाली. मी या कविता हिंदी-इंग्रजी भाषांतरांतून, कोश मांडीवर ठेवून वाचल्या. प्रामाणिकपणे सांगते, काही कविता घोषणेपाशीच थांबतात. कवी आपण नागरिक आहोत हे वाचकाला पटवून देत बसतो, आणि कविता अर्जासारखी होते. ज्याच्यापुढे सदैव अंमलदार बसलेला आहे त्याला अंमलदाराशी न बोलता बोलायचे कसे? पण जिथे चर बुडते, घर उचलून नवे चर शोधावे लागते आणि पत्ता बदलतो, तिथे त्या ओळी अर्ज राहत नाहीत. नदीने पत्ता नेला, तो कागदावर कसा दाखवायचा? त्यांना प्रचारकी म्हणून बाजूला सारणाऱ्या आमच्या विद्वानांनी एकदा ते चरावरचे घर डोळ्यांपुढे आणावे.

हे सगळे दूरचे, असे म्हणून सुटका नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या बाजूने पकडून सरहद्दीपार ढकललेल्या माणसांत पश्चिम बंगालचे मजूर निघाले. त्यांना परत आणावे लागले. त्याआधीच्या मे महिन्यात आसामातला एक माजी शाळामास्तर दोन देशांच्या मधल्या जमिनीवर उभा होता, ही बातमी मी मधल्या सुट्टीत वाचली. घंटा झाली तरी मला वर्गात जाववेना.

कारण माझ्या हातूनही रजिस्टर भरले गेले आहे. वीस-एक वर्षांपूर्वी, मी नव्याने लागले तेव्हा, ऊसतोडीच्या टोळीतली पोरे शाळेत यायची. जन्मतारीख विचारली की आई सांगायची, ‘बाई, पोळ्याच्या आगंमागं, पाऊस लई होता तवा.’ हेडमास्तर म्हणायचे, एक जून घाला. मी एक जून घातली. जुन्या पटावर निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला सापडेल, महाराष्ट्रात कुठल्याही गावी जाऊन पाहा. एका मुलीचे आडनाव मी ऐकण्यात चुकले. तिच्या भावाचे दुसऱ्या बाईंनी बरोबर लिहिले. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. सुंदर अक्षराबद्दल माझी तारीफच झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात ती मुलगी आली. आता तिचीच मुलगी शाळेत घालायची आहे. कुठल्याशा कचेरीत तिला सांगितले की, भावाचे आडनाव आणि तुमचे जुळत नाही, तुम्ही बहीणभाऊ कशावरून? ती रागावली नव्हती. ओशाळून म्हणाली, ‘बाई, तुमच्या अक्षरात आहे, तुम्हीच दुरुस्त करून द्या ना.’ शाळा सोडल्यानंतर पटातली नोंद बाईंना खोडता येत नाही, हे मी तिला समजावले. मग आम्ही दोघींनी मिळून वरच्या कचेरीकडे अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावे, ते बराच वेळ सुचेना. शेवटी मी लिहिले, ‘शिक्षिकेची चूक’, आणि खाली सही केली. अर्ज दोनदा परत आला आहे. तसा पर्याय छापील नमुन्यात नाही म्हणतात. दिवाळीची सुट्टी संपली की तिसऱ्यांदा देणार आहोत.