घागर, दोर आणि पडदा

एकपात्री प्रयोग ही आमच्या भागात आयात केलेली वस्तू नव्हे. पंढरपूर हा सांगोल्याच्या शेजारचाच तालुका. कीर्तनकाराच्या खांद्यावरील उपरणे क्षणात यशोदेचा पदर होते, क्षणात घोड्याचा लगाम होते, आणि श्रोत्यांपैकी कोणीही त्याचा अर्थ विचारीत नाही. नवे वाटते ते पडद्यावरील प्रकाशचित्र. पण तेही वाटते तितके नवे नाही. कुडाळजवळील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने लावीत आले आहेत. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ दाखवावयास आरंभ केला. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पडत, आणि निवेदन, संवाद व गाणी मात्र जिवंत माणसांच्या कंठातून येत. (१९११ साली मुंबईत ख्रिस्तजीवनावरील चित्रपट पाहून दादासाहेब फाळके यांना आपला मार्ग सापडला, हे आपल्या घरांतून सांगितले जातेच, खरोलिका त्याच्याही आधीची.)

ही उजळणी करण्यास एक निमित्त आहे. सांगोल्यात एक तरुण शिक्षिका पाण्यावर प्रतीकात्मक एकपात्री प्रयोग रचीत आहे. अपुऱ्या कृतीवर लिहू नये असा संकेत आहे. परंतु दोष दुरुस्त होतात ते तालमीतच, म्हणून तिच्या संमतीने, नाव न देता, लिहीत आहोत.

साहित्य तीनच वस्तूंचे : पितळी घागर, काथ्याचा दोर आणि आजीचे पांढरे लुगडे. ही आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास जात असे. प्रारंभी ती मुलगी रिकामी घागर कमरेवर घेते आणि भरल्या घागरीच्या चालीने चालते. एक शब्दही न बोलता पाणी दिसू लागते. मग दोर जमिनीवर गोल पडतो, ती विहीर होते. तोच दोर सरळ ओढला की दुष्काळी कामावरील मजुरांची रांग होते. ही पहिली पाच मिनिटे आम्हांस अस्सल वाटली.

त्यानंतर लुगड्यावर प्रोजेक्टरची चित्रे सुरू होतात. भेगाळलेली जमीन, खंगलेली जनावरे, एका म्हातारीचा सुरकुतलेला चेहरा. पडद्यावर कोरडी विहीर दिसताच जमिनीवरील दोर नुसता दोर उरतो, घागर नुसती घागर. पास्काच्या जागरणात अंधाऱ्या मंदिरात एक मेणबत्ती आत येते. तिच्यामागे सूर्योदयाचे चित्र लावले तर ज्योतीकडे कोण पाहील?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो चेहरा कोणाचा, असे आम्ही विचारले. वर्तमानपत्रातून घेतला, एवढेच ती सांगू शकली. ज्या बाईला कोणी विचारले नाही, तिची तहान आपण टाळ्यांसाठी मांडावी काय? शिवाय सांगोला डाळिंबांसाठीही ओळखला जातो. भेगांचे तेच ते चित्र दाखवून हा मुलूख कायमचा याचक ठरविणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

“शहरातल्या लोकांना दुष्काळ ठाऊक नसतो, फादर, चित्राशिवाय त्यांना कळणार कसं?” हे तिचे म्हणणे डावलण्याजोगे नाही. परंतु पिंगुळीचा चित्रकथी जे चित्र हाती घेतो, त्यातील आख्यान गाऊन संपविल्याखेरीज दुसरे काढीत नाही. खरोलिकेच्या काचाही निवेदकाच्या आवाजाविना मुक्याच. येथे चित्रे घाईने सरकतात आणि नटी कडेला उभी राहून त्यांची वाट पाहते.

दुसऱ्या तालमीत आमच्या विनंतीवरून तिने सर्व चित्रे काढली आणि प्रोजेक्टरचा नुसता पांढरा प्रकाश लुगड्यावर सोडला. मध्ये ती उभी. घागर दिव्याच्या दिशेने पुढे धरताच पडद्यावरील घागर बाईहून मोठी झाली. आजीविषयी वेगळे काही सांगावे लागले नाही. सावली येऊ नये म्हणून प्रोजेक्टर उंच टांगण्याची धडपड पुष्कळ मंडळी करतात. येथे ती सावलीच कामाची निघाली. रंगमंचावरील दिवे मात्र मंद हवेत आणि बाजूने यावयास हवेत, नाहीतर पडदा धुऊन निघतो. ध्वनिमुद्रित बासरी तर वगळावीच; घागरीच्या काठावर बोटाने ठोकलेला नाद तिच्याहून बोलका आहे.

मतभेद उरला आहे तो शेवटाविषयी. शेवटी पडद्यावर पावसाचे चलच्चित्र येते आणि ती त्याखाली घागर धरते. हा पाऊस फार स्वस्तात मिळतो, असे आमचे मत. रिकामी घागर पहिल्या रांगेतील एखाद्या प्रेक्षकाच्या हाती देऊन तिने निघून जावे, असे आम्ही सुचविले. चित्रे, बासरी, सारे सोडावयास ती तयार झाली. पाऊस सोडावयास नाही. “आजीनं पाऊस पाहिला होता,” ती म्हणाली, “तो मी कसा काढू?” पुढील तालीम पुढच्या रविवारी आहे.