किल्टधारी पुरुषांचे साहचर्य : ‘परंपरेची निर्मिती’ आणि ‘स्कर्टमधील पुरुष’ या दोन मांडण्यांची चिकित्सा

प्रस्तावना

वेशभूषेच्या अभ्यासात पुरुषाचे वस्त्र येते ते बहुधा गणवेश किंवा राजवेश म्हणून. त्याच्या रोजच्या वस्त्राचा विचार क्वचितच होतो. या दृष्टीने स्कॉटलंडच्या किल्टचे उदाहरण उद्बोधक आहे. लग्नसमारंभ, लष्करी संचलन आणि फुटबॉलचे सामने यांपुरता किल्ट राखून न ठेवता तो दररोज कामावर आणि बाजारात वापरणारे पुरुष स्कॉटलंडमध्ये, तसेच अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांतही आढळतात. संख्येने ते थोडे असले तरी त्यांच्यातील आपुलकी लक्षणीय असते. दोन अनोळखी किल्टधारी समोरासमोर आले की बोलणे सहज सुरू होते. कापड किती जाड, चुण्या कशा शिवल्या, वाऱ्याच्या दिवशी काय करावे, खुर्चीवर बसताना मागचा घेर कसा सावरावा, हे त्यांच्या संभाषणाचे विषय असतात. या साहचर्याचा आधार कोणता, या प्रश्नाच्या अनुषंगाने किल्टविषयीच्या दोन प्रभावी मांडण्या तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उगमाचा युक्तिवाद

एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेला ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ हा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील दरबारांवरील बर्नार्ड कोन यांच्या निबंधामुळे तो आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. याच ग्रंथात इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी हायलँड परंपरेची परखड छाननी केली. त्यांच्या मते डोंगराळ भागातील लोक पूर्वी एक लांब पट कमरेला पट्ट्याने आवळून उरलेला भाग खांद्यावर घेत. त्याचा आखूड, शिवलेला अवतार थॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगारांच्या सोयीसाठी घडविला. पुढे १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉट यांच्या योजनेतून या वेशाला राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळाली.

रॉलिन्सनविषयीचा तपशील वादग्रस्त ठरला आहे. कमरेखालचा भाग स्वतंत्रपणे वापरण्याची पद्धत त्यापूर्वीही होती, असा प्रतिवाद झाला. परंतु ट्रेव्हर-रोपर यांचे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले, तरी प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उगम अलीकडचा ठरला म्हणून आजचे साहचर्य खोटे ठरत नाही. ज्याच्या घराण्याचा स्कॉटलंडशी काडीचाही संबंध नाही, असा मनुष्यही रोज किल्ट वापरतो, आणि इतर किल्टधारी त्याला आपला मानतात. येथे वंशावळीपेक्षा सवयीला अधिक मोल आहे. प्राचीनतेचा दावा करणाऱ्यांना ट्रेव्हर-रोपर यांनी निरुत्तर केले. असा दावा न करणाऱ्यांचा विचार मात्र त्यांच्या चौकटीत बसत नाही.

‘स्कर्ट’ची चौकट

दुसरी मांडणी अँड्र्यू बोल्टन यांची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २००२ मध्ये ‘मेन इन स्कर्ट्स’ हे प्रदर्शन त्यांनी मांडले व त्याच नावाचा ग्रंथही लिहिला. किल्टला त्यांनी सारोंग, झगे आणि आधुनिक फॅशनकारांच्या प्रयोगांशेजारी ठेवले. या मांडणीमागे जुनी विचारपरंपरा आहे. मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्ल्यूगेल यांनी १९३० मध्ये, अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय पुरुषाने नटण्याचा हक्क सोडून दिला, असा सिद्धान्त मांडला. १९२९ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या पुरुष-वेश सुधारणेच्या चळवळीतही ते सहभागी होते.

बोल्टन यांची चौकट उदार आहे. मात्र रोज किल्ट वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ‘स्कर्ट’ हा शब्दच खटकतो. अमेरिकेतील टपाल वाटप कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे अधिवेशन २००८ मध्ये बॉस्टन येथे भरले. गणवेशात किल्टचा पर्याय मिळावा, असा ठराव तेथे आला आणि फेटाळला गेला. ठरावामागील मुख्य कारण दिवसभर चालणाऱ्या माणसाच्या शारीरिक सोयीचे होते. त्यात या वस्त्राला, मराठीत सांगायचे तर, ‘पुरुषांचे अद्विभाजित वस्त्र’ असे नाव दिले होते. ‘स्कर्ट’ म्हणावे तर हसे होते आणि ‘किल्ट’ म्हणावे तर स्कॉटलंडचा इतिहास मागे येतो. या पेचातून असा कृत्रिम शब्द घडवावा लागला असावा.

मराठीत हा पेच वेगळ्या रीतीने सुटतो. आपण सदरा ‘घालतो’ आणि धोतर ‘नेसतो’. लुगडेही ‘नेसले’ जाते. हे क्रियापद वस्त्राची रीत सांगते, नेसणाऱ्याचे लिंग सांगत नाही. जुना पट नेसायचा होता. आजच्या किल्टच्या चुण्या शिवलेल्या असल्या तरी तो कमरेभोवती गुंडाळून पट्ट्यांनी बांधावा लागतो. म्हणजे त्यात नेसणे शिल्लक आहे. इंग्रजीत वस्त्राच्या नावालाच लिंग चिकटले असल्याने तेथील किल्टधाऱ्याला घराबाहेर पडताच खुलासा द्यावा लागतो.

साहचर्याचा आधार व त्याची मर्यादा

हा खुलासा देण्याचा अनुभव हाच साहचर्याचा खरा आधार आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘आत काय घातले आहे?’ हा प्रश्न किल्टधाऱ्याला अनोळखी माणसेही विचारतात. टक लावून पाहणे, शेरेबाजी, प्रसंगी वस्त्राला हात घालणे हेही घडते. ट्राउझर घालणाऱ्या पुरुषाला हा अनुभव सहसा येत नाही. स्त्रियांना तो रोजचा आहे. ज्याने तो सोसला, त्याला दुसऱ्या किल्टधाऱ्याशी बोलताना प्रस्तावना करावी लागत नाही.

तथापि या साहचर्याची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. शेरेबाजीला उत्तर म्हणून अनेकदा योद्ध्याची प्रतिमा पुढे केली जाते. या प्रतिमेला ऐतिहासिक पाया आहे. १७४६ च्या कायद्याने हायलँड वेशावर बंदी आली, पण राजाच्या सैन्यातील लोकांना ती लागू नव्हती. बंदी १७८२ मध्ये उठेपर्यंत किल्ट टिकला तो मुख्यत्वे पलटणींत. त्यामुळे ‘हा स्कर्ट नव्हे, हा सैनिकाचा वेश आहे’ हे उत्तर सोपे जाते. परंतु या उत्तरात, स्त्रीच्या वस्त्राशी साम्य असणे ही नामुष्कीची गोष्ट आहे, हे गृहीत मान्य केले जाते. ज्या पूर्वग्रहाने किल्टधाऱ्याची थट्टा होते, तोच तो स्वतः उचलून धरतो.

निष्कर्ष

ट्रेव्हर-रोपर यांनी किल्टचा भूतकाळ तपासला, बोल्टन यांनी त्याचा आकार तपासला. रोजच्या वापरातून निर्माण होणारा सहभाव दोघांच्याही कक्षेबाहेर राहिला. हा सहभाव परंपरेच्या प्राचीनतेवर अवलंबून नाही, म्हणून उगमाच्या चिकित्सेने तो ढळत नाही. तो परक्या नजरेच्या समान अनुभवावर उभा आहे, म्हणून त्यातून पुरुषांना स्त्रियांचा अनुभव समजून घेण्याची वाट मिळू शकते. योद्ध्याच्या प्रतिमेचा आश्रय घेतल्यास ती वाट बंद होते. या साहचर्याचे मूल्यमापन यापुढे याच कसोटीवर व्हावयास हवे.