दाद आणि इस्लाह : रझांच्या चित्रांविषयी

उर्दू शायरीत दोन गोष्टी वेगळ्या मानतात. दाद मुशायऱ्यात मिळते; इस्लाह मात्र उस्तादासमोर बसून घ्यावी लागते. चित्रकाराला इस्लाह कोण देणार? पाहणाराच. सय्यद हैदर रझा यांच्या चित्रप्रवासावरून तरी मला असेच वाटते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला रझा परके वाटू नयेत. 1922 साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे त्यांचा जन्म झाला. वडील जंगल खात्यात नोकरीला. मंडला आणि आपला जुना चांदा जिल्हा तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते. गोंडांच्या राज्यांचा इतिहास दोन्हीकडे आहे. चित्रकलेचे पहिले रीतसर शिक्षणही नागपुरातच झाले. पुढे मुंबई, आणि 1947 मध्ये सूझा, हुसेन यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप.

मुंबईत नाव होऊ लागले होते. अशा वेळी, 1948 साली काश्मीरमध्ये, फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली. गुण आहे, पण चित्रात बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असे त्यांनी सांगितले. ही खरी इस्लाह! आपल्या वार्षिकांतून एकमेकांच्या पुस्तकांवर जे लिहिले जाते, त्यात असे एखादे वाक्य क्वचितच सापडते. रझा रुसले नाहीत. 1950 मध्ये ते पॅरिसला गेले. आधीच्या चित्रांत रंग सैल वाहत. तिथल्या सुरुवातीच्या चित्रांत घरे चौकोनी, घट्ट बसलेली दिसतात, वर काळा सूर्य. 1956 साली फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला.

सत्तरच्या दशकात ते स्वतःच आपल्या चित्रांचे कडक पाहणारे झाले. माझ्या चित्रात माझा मुलूख कुठे आहे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. त्यातून ऐंशीच्या सुमारास ‘बिंदू’ आला. मंडल्याकडच्या शाळेत गुरुजींनी चंचल मुलाला भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहत बसवले होते, ती आठवण त्यामागे आहे. या बिंदूत कुणाला तंत्रमार्ग दिसतो, कुणाला बीज. आमच्या उर्दू शाळेतल्या एका मुलाने छापील चित्र पाहताच सांगितले, “सर, हा तर ‘बे’खालचा नुक्ता!” दुसरा म्हणाला, विहीर. दोघांनाही मी गुण दिले असते. बिस्मिल्लाच्या नुक्त्यावर सूफींनी केवढे चिंतन केले आहे! रझांना मंदिराचेही वावडे नव्हते. तेव्हा हा अर्थ आपल्यापुरता कोंडून ठेवण्याचे कारण नाही.

मात्र शेवटच्या काळातले पुष्कळ बिंदू मला एकसारखे वाटतात. 1983 च्या ‘सौराष्ट्र’मध्ये तापलेले लाल-केशरी तुकडे एकमेकांना रेटतात, काळा बिंदू कोपऱ्यातून त्यांना धरून ठेवतो. तिथे बांधणी आहे, धोकाही आहे. 2010 मध्ये ते सोळा कोटींहून अधिक किमतीला विकले गेले. तोवर बिंदू म्हणजे रझा हे सर्वांनी मान्य केले होते, आणि बांधणी कुठे आहे असे विचारणारा कुणी उरला नव्हता.