टिमची पत्रं आणि आपला फोन

तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल आणि घरात दहा-अकरा वर्षांचं मूल असेल, तर ‘रेसिडेन्शियल’ हा शब्द तुमच्या कानांवर आला असेलच. प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष, चार दिवस, तीन रात्री आणि डोंगरातलं एखादं केंद्र. सामानाच्या यादीत जुने बूट, टॉर्च, रेनकोट, आणि तळाशी ठळक अक्षरांत: मोबाइल आणू नये. आमच्या फ्रिजवर ही यादी लागली त्याच आठवड्यात लेकाने वाचनालयातून जॅकलिन विल्सनचं ‘क्लिफहँगर’ आणलं. त्याच्याआधी मीच ते वाचून काढलं.

पुस्तक 1995 सालचं, चित्रं निक शॅरटची. टिम हा पुस्तकात रमणारा, खेळात कच्चा, उंचीला घाबरणारा मुलगा. त्याला साहसी सुट्टीला पाठवायचं हे वडील ठरवतात. आईचा जीव खालीवर होतो. ही शाळेची सहल नाही, पण बाकी सगळं तेच: अनोळखी खोली, अनोळखी मुलं, कडा, दोर. सुट्टी खरं म्हणजे बाबांना हवी आहे, हे चार पानांतच कळतं. पोराला बाप खंबीर बनवू पाहतो आणि आई जपू पाहते. पोराला काय हवंय ते कुणीच विचारत नाही. हे सगळं विल्सन टिमच्याच तोंडून, हसत हसत सांगते. त्यामुळे बापाचा राग येत नाही. आपलाच थोडा येतो.

वाचताना मला आपला श्याम आठवला. पोहायला जायचं नाही म्हणून लपून बसलेला, आणि आईने शिंपटी घेऊन विहिरीकडे पिटाळलेला. साने गुरुजींच्या गोष्टीत ढकलणारी आईच आहे आणि मायाही तिचीच आहे. दोन्ही एकाच हातात. विल्सनने ती दोघांत वाटून दिली. गोष्ट सोपी झाली, पण मला वाटतं थोडी उथळही झाली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात शिंपटीही आपणच आणि डब्यात लाडू भरून देणारेही आपणच.

विल्सनचं खरं कसब मात्र टिमच्या पत्रांत आहे. तो घरी लिहितो: आवडत नाही, न्या मला. पत्र पोहोचेपर्यंत एक-दोन दिवस जातात आणि तोवर टिम बिस्किट्स नावाच्या खादाड पोराशी गट्टी करून बसलेला असतो. दुःख लिहून झालं, पण ते लगेच दूर करायला कुणी धावलं नाही. मधल्या त्या वेळेत पोराचं पोरानेच निभावलं. आपल्या फोनने नेमका हाच मधला वेळ खाऊन टाकला आहे. म्हणून यादीतली ती ठळक ओळ मुलांपेक्षा आपल्याला जड जाते. पुण्याहून आईने विचारलं, “अगं, चार दिवस फोन नाही म्हणजे? रात्री पोटात दुखलं तर?” मी शिक्षकांचं नाव सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं.

पुस्तकाशी माझं भांडण आहे ते शेवटाबद्दल. बादल्यांच्या शर्यतीत टिमची युक्ती चालते आणि त्याचा संघ जिंकतो. म्हणजे घाबरटपणा माफ, पण काहीतरी जिंकून दाखवलंस तर! ही समजूत जुनी आहे. कुर्ट हानच्या प्रेरणेने 1941 साली वेल्समध्ये अ‍ॅबरडोव्हीला आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा निघाली, तेव्हा समोर होते युद्धकाळात समुद्रावर जाणारे तरुण. त्यांना संकटात तगायला शिकवायचं होतं. त्या कल्पनेला नंतर शाळांची केंद्रं फुटली, वयं खाली आली, पण ‘चारित्र्य घडवणं’ हा शब्द माहितीपत्रकातून गेलेला नाही. दहा वर्षांच्या मुलाला कुठली बोट वाचवायची आहे?

आणखी एक गोष्ट या गोष्टीत ठळकपणे येत नाही: पैसे. सहल शाळेच्या वेळात असेल तर इथल्या सरकारी शाळेला शिकवण्याचे पैसे सक्तीने घेता येत नाहीत, पण राहण्या-जेवणाचे घेता येतात. ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्या कुटुंबांना तेही माफ. पण ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदतीची मनाई आहे, त्यांना ते भत्तेच मिळत नाहीत, मग माफी कुठली? माझ्यासारख्या वर्षा-वर्षाच्या करारावर जगणाऱ्या संशोधकाला हप्त्यांचा पर्याय बरा वाटतो. त्याहून बिकट अवस्थेतलं घर “आमचा मुलगा जरा लाजाळू आहे, नको पाठवायला” असं कारण देऊन मोकळं होतं. अशी कारणं मी दोनदा ऐकली आहेत. दोन्ही मुलं मुळीच लाजाळू नव्हती.

आमचा परत आला तो चिखलाचा वास घेऊन. मला दोराची, कड्याची गोष्ट ऐकायची होती (बघा, शेवटी मीही टिमच्या बापाच्याच वळणावर गेले). त्याने सांगितलं ते असं: रजईला खोळ घालायला तिघं लागले आणि एक जण खोळीतच अडकला. शाकाहारी म्हणून तीन दिवस भाजलेला बटाटा आणि बीन्स. खालच्या पलंगावरचा मुलगा रात्री रडत होता, तेव्हा याने टॉर्च लावून खाली सोडली आणि ती तशीच जळत राहिली, म्हणून दुसऱ्या रात्री सेल संपले. शिक्षकांना सांगितलंस का, असं मी विचारलं. “कशाला? तो झोपला ना.”

विल्सनने ही टॉर्चची गोष्ट फार सुंदर लिहिली असती. फक्त मग दुसऱ्या दिवशी तिने त्याला शर्यत जिंकायला लावली असती.

संध्याकाळी आजीचा व्हिडिओ कॉल आला. “मग, उतरलास का रे त्या मनोऱ्यावरून दोराने?”

“वर गेलो होतो आजी,” तो म्हणाला. “खाली जिन्याने आलो.”