‘ब्रेन ऑन फायर’ : मेंदूचा आजार, मनाचा आजार आणि सुटकेची किंमत

पत्रकार सुझाना कॅहलन हिच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनावर आधारलेला ‘ब्रेन ऑन फायर’ हा चित्रपट जेरार्ड बॅरेट यांनी दिग्दर्शित केला. २०१६ च्या टोरांटो चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला व २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. चोवीस वर्षांची, न्यूयॉर्कमधील एका दैनिकात काम करणारी तरुणी २००९ साली अचानक भ्रम, संशय, आकडी आणि शेवटी जडत्व यांच्या आहारी जाते. अतिमद्यपान, कामाचा ताण, द्विध्रुवी विकार, छिन्नमनस्कता असे एकामागून एक तर्क तिच्यावर लादले जातात. अखेर डॉ. सुहेल नज्जार तिला घड्याळाची तबकडी काढावयास सांगतात. ती सर्व आकडे उजव्या अर्ध्या भागातच भरते. मेंदूच्या उजव्या गोलार्धाला दाह झाल्याची ही खूण ठरते आणि ‘अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस’ हे निदान पुढे येते. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील ग्राहींवर हल्ला करते, असा हा विकार डॉ. जोसेप डालमाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्पष्ट केला होता; म्हणजे सुझाना आजारी पडण्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी. मराठीत एन्सेफलायटिसला ‘मेंदूदाह’ असे म्हणता येते. चित्रपटाच्या शीर्षकातील आग त्या शब्दात आधीच आहे.

घड्याळाचा प्रसंग हा चित्रपटाचा सर्वोत्तम भाग होय. तपासणीची महागडी यंत्रे जिथे निरुत्तर झाली तिथे कागद आणि पेन्सिल पुरेशी ठरते, आणि दिग्दर्शकानेही येथे संगीताचा मोह आवरला असता तर बरे झाले असते. क्लोई ग्रेस मॉरेट्झचा अभिनय प्रामाणिक आहे, मात्र पटकथा तिला लक्षणांच्या पायऱ्यांवरून घाईने चालविते. मूळ पुस्तकात लेखिका स्वतःला न आठवणाऱ्या महिन्याचा शोध दवाखान्यातील नोंदी, वडिलांची रोजनिशी आणि चित्रफिती यांच्या आधारे घेते. स्वतःविषयी बातमीदारी करणारी बातमीदार हा त्या लेखनाचा गाभा होता. चित्रपटात तो जवळजवळ नाहीसा होऊन एक सरळ रुग्णकथा उरते.

परंतु खरा आक्षेप वेगळा आहे. मुलीला मनोरुग्ण विभागात हलविले जाईल, ही या कथेतील सर्वांत मोठी भीती आहे. आईवडिलांचा सारा झगडा त्याविरुद्ध आहे आणि प्रेक्षकाची सहानुभूतीही त्याच दिशेने वळविली जाते. त्यामुळे निदान होते तेव्हा मिळणारा दिलासा दुहेरी असतो : आजार बरा होणारा आहे, आणि ती ‘वेडी’ नाही. पहिला दिलासा रास्त आहे. दुसरा मात्र त्या विभागात आधीपासून राहणाऱ्यांच्या जिवावर मिळविलेला आहे, आणि त्याची जाणीव पटकथेला नाही.

प्रभादेवी-परळ परिसरातील प्रेक्षकाला हा भेद परका वाटू नये. सिद्धिविनायकाला नवस बोलून केईएम रुग्णालयात केसपेपर काढणाऱ्या कुटुंबांना मज्जासंस्थेचा बाह्यरुग्ण विभाग आणि मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग हे एकाच आवारातील दोन निराळे दरवाजे असतात. ‘मेंदूचे आहे’ असे शेजाऱ्यांना सांगता येते. ‘डोक्याचे आहे’ म्हटले की मुलीचे लग्न डोळ्यांपुढे उभे राहते. बॅरेट यांचा चित्रपट ही उतरंड मोडीत नाही, तिच्या वरच्या पायरीवर नायिकेला सुखरूप नेऊन ठेवतो.

या संदर्भात सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) आठवणे अपरिहार्य आहे. तेथे शेषला (अतुल कुलकर्णी) छिन्नमनस्कता आहे आणि निदानाने कथा संपत नाही, तेथून ती सुरू होते असेच म्हणावे लागेल. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) भावाला आपल्या घरी आणते तेव्हा प्रश्न रोगाच्या नावाचा राहत नाही. संसार, थकवा, अपराधभाव आणि माया एकाच छपराखाली कशी नांदवावी, हा राहतो. शेषच्या मनातील देवराई ही केवळ लक्षण म्हणून दाखविलेली नाही, तिला तिचा स्वतःचा अर्थ आहे. सुझानाच्या भ्रमांना असा अर्थ पटकथा कोठेही देत नाही. ते धुऊन काढावयाचे डाग आहेत.

विशेष म्हणजे ही उणीव लेखिकेने स्वतःच पुढे ओळखली. ‘द ग्रेट प्रिटेंडर’ (२०१९) या पुस्तकात डेव्हिड रोझेनहॅन यांच्या १९७३ मधील गाजलेल्या मनोरुग्णालय-प्रयोगाची झडती घेताना ती एका तरुणीचा उल्लेख करते. तिलाही हाच मेंदूदाह होता. पण छिन्नमनस्कता समजून दोन वर्षे उपचार झाले, आणि योग्य निदान होईपर्यंत कायमची हानी होऊन गेली होती. कॅहलन तिला आपले आरशातील प्रतिबिंब मानते. २०१६ च्या चित्रपटात या तरुणीसाठी जागा नव्हती. मानसशास्त्राच्या वा चित्रपट-आस्वादाच्या वर्गात तो दाखविताना ‘देवराई’ आधी दाखवावा. म्हणजे मनोरुग्ण विभागाचे दार पडद्यावर येईल तेव्हा त्या दाराआड शेषही असू शकतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेल.