‘शमन’ आणि ‘लक्षण’ : एका परिभाषेचे परीक्षण

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे जनुकीय संशोधन आता सातारा-सांगलीच्या दारी आले आहे. कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेत नैऋत्य महाराष्ट्रातील स्त्रियांचे जनुकभेद व हा रोग यांचा संबंध तपासला गेला आहे. तेव्हा या विषयाच्या मराठी परिभाषेचा विचार अप्रस्तुत ठरू नये.

डीएनएतील सायटोसीनला मिथिल गट जोडला गेला तरी अक्षरक्रम तोच राहतो. परंतु जनुकाच्या आरंभी असे गट दाटले की त्याचे वाचन थांबते. या क्रियेस ‘जनुकशमन’ म्हणणे रचनेच्या दृष्टीने निर्दोष, अर्थाच्या दृष्टीने मात्र भ्रामक होय. तृषाशमन, रोगशमन या शब्दांमुळे ‘शमन’ म्हणजे पीडेचा परिहार, असा संस्कार दृढ झाला आहे. येथे तर अर्बुदाला आवर घालणारे जनुकच गप्प होते. ‘मूकीकरण’ हाच शब्द अधिक यथार्थ.

‘मार्कर’साठी ‘लक्षण’ योजणेही सदोषच. लक्षण रुग्णाला जाणवते. एफएएम१९ए४ किंवा एमआयआर१२४-२ या जनुकांचे मिथिलीकरण जाणवत नाही. पॅपिलोमा विषाणूचा बहुतेक संसर्ग आपोआप ओसरतो. पुढील तपासणी कोणास तातडीने हवी, हे ठरविण्यास ही खूण साहाय्यक होते. ती रोगाचे निदान नव्हे, जोखमीची ‘निदर्शक खूण’ होय.

हा शब्दच्छल नव्हे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकवार केलेल्या विषाणुतपासणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. ‘लक्षण नाही’ एवढ्यावर निर्धास्त होऊन मिरजेहून गावी परतणाऱ्या स्त्रीला तपासणीचा हा लाभ कोणता शब्द समजावून देणार, हा खरा प्रश्न आहे.