साक्ष, साल आणि स्मृती
मौखिक इतिहासाच्या अध्यापनात प्रश्नावली व ध्वनिमुद्रण यांवरच भर पडतो. ऐकलेल्या साक्षीचा अर्थ कसा लावावा, हा कठीण भाग बहुधा शिकवावयाचा राहून जातो. मीना मेनन व नीरा आडारकर यांचा मुंबईच्या गिरणगावावरील २००४ चा ग्रंथ या दृष्टीने मोलाचा आहे. १९८२ च्या संपाच्या आठवणी त्यात कामगारांच्याच मुखातून येतात. मात्र अशा आठवणींत विसंगती आढळल्यास विद्यार्थ्याने काय करावे?

इटलीतील तेर्नी येथे लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली मारला गेला. पुढे अनेकांनी तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीशी जोडला, हे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दाखवून दिले. साल चुकले खरे. परंतु कोणता घाव खोल गेला, हे त्या चुकीनेच उघड केले.

ठाण्याच्या वर्तकनगराजवळचा रेमंडचा कारखाना आता बंद झाला आहे. तेथील कामगारांच्या साक्षी विद्यार्थी व रहिवासी यांनी मिळून नोंदवावयाच्या झाल्यास साल कागदपत्रांशी ताडावे, कथन मात्र दुरुस्त करू नये. आणि ते सांगणाऱ्यास वाचून दाखविल्याविना ग्रंथित करू नये. अन्यथा विद्यापीठास प्रबंध लाभेल, वस्तीची आठवण मात्र वस्तीलाच परकी होईल.